दमानं बसणारं झाकण

दगडूनाना आमच्या दारावर टकटक करतात तेव्हा आतल्या माणसानं लगेच उठायचं नसतं. ती टकटक माणसासाठी नसते. नाना दाराशी बोलत असतात. बोटाचं पेर वाकवून ते चौकटीवर एकदा वर, एकदा मधे, एकदा खाली वाजवतात, कान देतात आणि समाधानानं मान हलवतात. आतून कुणी "कोण आहे?" असं विचारलंच, तर ते स्वतःचं नाव सांगत नाहीत. म्हणतात, "बाभूळ!"

आमची चौकट बाभळीची आहे. समोरच्या घरी ते "लिंब!" म्हणतात. सगळ्या ईट गावाला हे माहीत आहे, त्यामुळं दारात "चिंच!" असा आवाज आला की आतली बाई ओळखते, नाना आले, चहा टाकावा. एकदा ते उताऱ्याच्या कामासाठी एका कार्यालयात गेले. नवं दार होतं, गुळगुळीत, चकचकीत. नानांनी वाजवलं. आतून साहेब म्हणाले, "कोण?" नाना म्हणाले, "भुसा!" आणि आत न जाताच माघारी आले. उतारा पंधरा दिवस लांबला. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, भुसा दाबून केलेल्या दारातनं म्या आत जात न्हाय. पाय अडखळतो."

नाना आमचे शेजारी. नाव दगडू आणि सगळा जीव लाकडात. माझे वडील मेंढरं राखायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झाले, गावातल्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागले, आणि त्या दिवसापासून नानांनी मला "अगं पोरी" म्हणायचं सोडलं. "बाई, तुमी" सुरू झालं. मी खूप सांगून पाहिलं. "नाना, मी तुमच्या भुशात खेळून मोठी झाले." ते म्हणाले, "तवा कच्चं लाकूड व्हता. आता तुमच्यावर कातकाम झालंय."

नानांचा धंदा खरादीचा. खराद म्हणजे लाकूड गरागरा फिरवायचं आणि त्यावर पटाशी टेकवून गोल वस्तू काढायची. पूर्वी पाळण्याचे खांब, खाटेचे खूर, ताकाच्या रव्या, भोवरे असं सगळं त्यांच्याकडून जायचं. आता लाटणी तेवढी जातात. पण नाना दिवसभर जे करतात ते वेगळंच. ते कुंकवाचे करंडे करतात आणि फुकट वाटतात.

आमच्या आळीत असं घर नाही जिथं नानांचा करंडा नाही. काही घरांत चार-चार आहेत. आणि एकाही करंड्यात कुंकू नाही. आमच्या आईच्या करंड्यात मिश्री असते. किराणा दुकानदार त्याच्यात रबरं ठेवतो. माझ्या टेबलावरच्यात टाचण्या आहेत, आणि पलीकडच्या आजोबांचे दात रात्री कशात मुक्कामाला असतात हे मी सांगायला नको.

यामागचं कारण झाकणात आहे. नाना करंडा पुरा झाला की तो जमिनीवर ठेवतात, तोंडावर झाकण टेकवतात आणि हात काढून घेतात. झाकणानं आपलं आपण खाली उतरायला हवं. आतली हवा कडेकडेनं बाहेर निघत राहिली पाहिजे, झोपलेल्या लेकरानं श्वास सोडावा तशी, आणि झाकण हळूहळू बसलं पाहिजे. एका केसाचा फरक पडला तरी हे होत नाही. झाकण सैल असेल तर टपकन पडतं, घट्ट असेल तर अडून बसतं. दोन्ही वेळा नाना एकच शब्द बोलतात, "दमानं." तोही रागानं नाही, पटाशीला समजावल्यासारखा. मग तो करंडा उचलतात आणि जो पहिला दिसेल त्याच्या हातात देतात. म्हणजे आळीत जे करंडे आहेत ते सगळे नापास झालेले आहेत. मी नापास पोरांना वरच्या वर्गात ढकलते, नाना शेजारी ढकलतात.

बिनलग्नाच्या माणसाला करंड्याचा एवढा नाद कशाला, असं कुणी विचारत नसे. वेड म्हटलं की माणसं पुढचा प्रश्न विचारत नाहीत. मीही विचारला नाही. एवढंच माहीत होतं की सगळे करंडे एकाच मापाचे असतात आणि ते माप एका जुन्या नमुन्यावरून घेतलेलं असतं. तो नमुना नानांच्या बंडीच्या आतल्या खिशात असे. शिसवाचा, हात लागून लागून काळा झालेला, आतून लालसर. लाखेचा रंग असेल, असं मी समजत होते. एकदा मी तो हातात घ्यायला गेले तर नानांनी मूठ मिटली. "कुणाचा आहे हा, नाना?" "नमुन्याला मालक नसतो, बाई."

आता त्या लाकडाकडं येते, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

आमच्या भागातली बरीच पोरं फौजेत आहेत. सुट्टीवर येताना ती कुणासाठी स्वेटर आणतात, कुणासाठी सुका मेवा, कुणासाठी काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. नानांसाठी लाकूड आणतात. नानांची ताकीदच असते. "येताना काय आणू, नाना?" "वळख नसलेलं आण." अशी अक्रोडाची फळी आली, देवदाराचा तुकडा आला. प्रत्येकाला नानांनी वाजवून, हुंगून, जिभेचं टोक लावून आपलंसं करून घेतलं.

सहा वर्षांपूर्वी गावातला बालाजी उत्तरेच्या पहाडातून सुट्टीवर आला. त्याच्या ट्रंकेत पोत्यात गुंडाळलेला एक ठोकळा होता. चार-पाच बोटं रुंद, वीतभर लांब, बाहेरून धुरानं काळा झालेला. तिकडं एका गावात कुणी तरी जुनं घर उतरवून स्लॅबचं बांधत होतं. तुळईचे तुकडे चुलीत चालले होते. बालाजीनं त्यातला एक मागून घेतला.

नानांनी ठोकळा मांडीवर घेतला. वर वाजवलं, मधे वाजवलं, खाली वाजवलं. आम्ही सगळे नावाची वाट बघत होतो. नानांनी पुन्हा वाजवलं. मग टोपी काढून बाजूला ठेवली.

"ह्यो आवाज म्या ऐकलेला न्हाय," ते म्हणाले.

"थुनेर म्हणतात, नाना, तिकडं," बालाजी म्हणाला.

"थुनेर," नानांनी म्हणून बघितलं. गावात नव्या आलेल्या पाहुण्याचं नाव घोळवावं तसं.

माझ्यावर काम आलं. "बाई, तुमी शिकलेल्या. ह्याची सगळी म्हायती काढा." मी पुस्तकं चाळली, मोबाईलवर शोधलं. इंग्रजीत या झाडाला यू म्हणतात असं कळलं. थंड पहाडात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं. वाढतं म्हणजे किती, तर आपल्याकडचा शेवगा एका पावसाळ्यात जेवढा वर जातो तेवढं व्हायला याला माणसाचं अर्धं आयुष्य लागावं. पाला जनावरांना विषारी. सालीतून कर्करोगावरचं औषध निघतं, आणि त्या सालीपायी झाडं इतकी संपली की आता उभ्या झाडाला हात लावायला बंदी आहे.

नाना दचकले. "मंग हे कसं आलं?"

"हे जुन्या घरातलं आहे, नाना. कायद्याच्या आधीचं."

"कायद्याच्या आधीचं?" नानांनी ठोकळ्यावरून हात फिरवला. "माझ्या आज्याच्या आधीचं म्हणा."

ते त्यांनी नुसतं बोलायचं म्हणून बोलून टाकलं, पण मला चैन पडेना. मी शाळेतलं भिंग घेऊन गेले. नानांनी ठोकळ्याचं एक टोक तासून, घासून, तेलाचं बोट फिरवून दिलं. आणि काळ्या कातडीखालून जो रंग निघाला तो बघायला आम्ही ठोकळा उन्हात नेला. मधे नारिंगी, लालीकडं झुकलेला, मावळतीला भूमच्या बाजूच्या माळावर क्षणभर असतो तसा. आणि कडेनं सायीसारखं पांढुरकं वळं. दोन रंग एकमेकांत मिसळत नव्हते. कुणी पेन्सिलीनं रेघ मारून वेगळे केल्यासारखे होते.

भिंगातून वर्षांची वळी दिसायला लागली. उघड्या डोळ्यांना एक गुळगुळीत पट्टी दिसत होती, तिच्यात रेघेला रेघ लागून होती. मी दर दहा रेघांना एक टाचणी टोचत गेले. सकाळची दुपार झाली. आईनं दोनदा हाक मारली. माझ्या तळहाताएवढ्याही नसलेल्या त्या रुंदीत एकशे सत्त्याऐंशी वर्षं निघाली. आणि बाहेरची काही वळी तर तुळई तासतानाच गेलेली होती.

मी आकडा सांगितला. नाना टाचण्यांकडं बघत राहिले. मग एका टाचणीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्या जागी माझा बाप जलमला आसंल. आन् ह्या जागी..." बोट सरकलं आणि एका रेघेवर थांबलं. ते उचलून म्हणाले, "बाई, एवढ्या वरसांत ह्यानं एकदाबी घाई केली न्हाय बघा. सगळ्या रेघा दमानं."

त्यानंतर सहा वर्षं नानांनी त्या ठोकळ्याला पटाशी लावली नाही. धुतलेल्या धोतराच्या पानात गुंडाळून फळीवर ठेवला. त्याला ते पाहुणा म्हणत. कुणी नवं माणूस आलं की आधी हात धुवायला लावत आणि मग पाहुणा दाखवत. मी म्हणायची, "नाना, काय करणार याचं?" "करंडा." "मग करा की." "एकच निघंल ह्यातनं, बाई. चुकला तर एकशे सत्त्याऐंशी वरसं म्या मागं कुठनं आणू? हात बसू द्या." आणि लिंबाचे, बोरीचे, चिंचेचे, सुबाभळीचे नापास करंडे आळीत येत राहिले.

गेल्या दिवाळीत नाना फराळाला आले. बशीतला चहा त्यांनी तोंडाशी नेला आणि मी पाहिलं, चहावर बारीक बारीक लाटा उठत होत्या. नानांनी मी पाहिलेलं पाहिलं. बशी खाली ठेवली. "थंडी हाय," म्हणाले. थंडी काही एवढी नव्हती.

भूमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हाताचा कंप वाढत जाणार असं सांगितलं. त्या दिवसापासून नाना आजारी माणसासारखं न वागता परीक्षेच्या पोरासारखं वागायला लागले. पहाटेपासून खराद चालू. करंडे निघायचे, झाकणं पडायची किंवा अडायची. एका आठवड्यात आम्हाला तीन मिळाले. आई म्हणाली, "ह्याला सांग गं, आता दात पन संपले आमच्या आळीतले."

आणि एका सकाळी दारावर जोरात टकटक झाली. आई म्हणाली, "कोण हाय?" बाहेरून आवाज आला, "पेरू!"

आई गोंधळली. आमची चौकट तर बाभळीची. मी दार उघडलं. नाना धापा टाकत उभे, हातात पेरूच्या लाकडाचा करंडा. तिथंच उंबऱ्यावर त्यांनी तो ठेवला, झाकण टेकवलं, हात काढला. झाकण उतरायला लागलं. आम्ही तिघं वाकून बघत होतो. ते इतकं हळू उतरलं की मधेच थांबलं असं वाटलं. मग बारीक श्वास सुटला आणि ते बसलं.

"पास," मी म्हणाले.

"बाई, रविवारी या," नाना म्हणाले. "दोरी वढायला माणूस पायजे."

नानांच्या खरादाला मोटार आहे. पण थुनेर मोटारीवर लावायला ते तयार नव्हते. "मोटारीला दम घेता येत न्हाय." त्यांनी माळ्यावरून बापाचा जुना दोरीचा खराद काढला. त्यात लाकडाच्या कण्याला दोरी गुंडाळलेली असते. एकानं दोरी इकडून तिकडं ओढायची आणि दुसऱ्यानं कातायचं. लाकूड एकदा कातणाऱ्याकडं फिरतं, एकदा उलटं. आपल्याकडं येतं तेवढंच कातायचं, परत जाताना पटाशी उचलायची. म्हणजे अर्धा वेळ काम आणि अर्धा वेळ वाट बघणं.

नानांनी नाकाला ओला पंचा बांधला, मलाही बांधायला लावला, कारण भुसा विषारी. आईच्या शेळ्या त्यांनी आधीच लांब बांधून घेतल्या होत्या. आई ओरडत होती, "माझ्या शेळ्या काय लाकूड खात्यात व्हय?" "वैनी, ह्यो पाहुणा हाय, त्येची रीत येगळी," नानांनी पंच्यातून उत्तर दिलं.

मी ओढायला लागले. पहिल्या दहा मिनिटांत तळहाताला फोड आला. "दमानं, बाई. झटका न्हाय. आक्का वढायची तसं."

"कोण आक्का?"

नानांची पटाशी उचललेली होती. लाकूड परत जात होतं. "माझी भन," ते म्हणाले. "ती परकरात आन् म्या चड्डीत, तवापासनं दोरी तिच्याकडं." लाकूड आलं, त्यांनी पटाशी टेकवली, आणि विषय संपला. पस्तीस वर्षं शेजारी राहून मला नानांना बहीण आहे हे माहीत नव्हतं.

त्या दिवशी जे पाहिलं ते मी मुलांना कितीदा तरी सांगायचा प्रयत्न केला आहे आणि दर वेळी कमी पडले आहे. ज्या हातात बशी धरवत नव्हती तो हात पटाशीवर आला की थरथर थांबायची. थांबायची म्हणजे, लाकूड येतं तेवढ्या वेळापुरती. लाकूड परत गेलं, पटाशी उचलली, की हात पुन्हा हलायला लागायचा. पुन्हा लाकूड आलं, पुन्हा स्थिर. मोटारीवर हे झालंच नसतं. नानांनी दोरी का काढली ते मला तेव्हा कळलं. साल निघत होती ती काकडीच्या सालीसारखी अखंड, ओलसर वाटावी इतकी मऊ, आणि नारिंगी रंगाची. दीडदोनशे वर्षांपूर्वी कुठल्या तरी पहाडावर बर्फाखाली गोठलेला एक हिवाळा ईटच्या अंगणात उलगडून माझ्या पायाशी पडत होता.

तिसऱ्या रविवारी तडा निघाला.

केसासारखा, गाभ्यातून बाहेर आलेला. वरून कधी दिसला नसता. नानांनी पटाशी खाली ठेवली आणि पंचा सोडला. चेहरा असा झाला की मी दोरी हातात धरूनच उभी राहिले. तडा ठेवला तर करंडा कधी तरी उकलणार. काढायचा तर अंगानं बारीक करावा लागणार आणि नमुन्याचं माप चुकणार. चार दिवस नाना खरादाकडं फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी येऊन म्हणाले, "झाडानं जेवढं दिलं तेवढं घिऊ. चला, वढा."

करंडा नमुन्यापेक्षा बोटभर लहान झाला. आतून लाखेचे दोन हात दिले. झाकण लावायचा दिवस आला. नानांनी झाकण टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. मी बघत होते. थुनेरचं झाकण पेरूच्याही पेक्षा सावकाश उतरलं. "बसलं का?" "अजून नाही." "आता?" "थांबा, नाना." श्वास सुटला. नानांनी डोळे उघडले नाहीत. नुसते म्हणाले, "अणदूरला येता का, बाई? एकल्यानं माझे पाय जायचे न्हाईत."

भुसा आम्ही अंगणात खोल खड्डा करून पुरला. कातताना निघालेली एक साल मी ठेवून घेतली. ती शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीत आहे. वर चिठ्ठी आहे, "थुनेर. खाऊ नये."

ईटहून अणदूर म्हणजे धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग अशा एसट्या बदलत अर्धा दिवस. एरवी नाना प्रवासात सीट वाजवून "लोखंड, रबर, लोखंड" असं पुटपुटत असतात. त्या दिवशी त्यांनी काहीच वाजवलं नाही. तुळजापूर सुटल्यावर बोलायला लागले, खिडकीकडं बघत.

आक्काच्या लग्नात रुखवतावर ठेवायला करंडा नानांनी स्वतः केला होता, शिसवाचा. दोरी नवरीनंच ओढली होती. पाच वर्षांनी ज्वारी काढताना तिच्या नवऱ्याला साप चावला. दहाव्याला तिथल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, करंडा माहेरचा आहे, माहेरच्यानं उचलावा. माहेरचे म्हणजे नाना एकटेच. वय वीस. ते उठले, फडताळातून करंडा घेतला आणि बाहेर पडले.

"आक्का भिताडाला टेकून बसली व्हती," नाना म्हणाले. "माझ्याकडं बगत व्हती. काय बोलली न्हाय. नुसती बगत व्हती. त्या बगण्यापायी म्या परत तिच्या घरात गेलो न्हाय, बाई. भाच्यांच्या लग्नाला गेलो, मांडवात जेवलो, मांडवातनंच आलो."

त्यांनी बंडीच्या खिशावर हात ठेवला. तिथं नमुना होता. आतला लालसर रंग लाखेचा नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

आक्काच्या दाराशी नाना थांबले. बोटाचं पेर वर नेलं आणि खाली आणलं. पुन्हा नेलं. शेवटी मीच कडी वाजवली.

"कोण हाय?" आतून म्हातारा, खणखणीत आवाज आला.

मी नानांकडं बघितलं. ते चौकटीकडं बघत होते. "ईटहून आलोय," मी म्हणाले.

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग दार उघडलं. सत्तरीच्या पुढची, मूठभर उरलेली म्हातारी, डोळे मात्र नानांचेच. तिनं भावाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दगड्या, किती वाळलास रं! लाकूडच खातुस का काय?"

आम्ही बसलो. सूनबाईनं चहा आणला. नानांनी बशी उचलली नाही. पिशवीतून धोतराचं पान काढलं, उलगडलं आणि थुनेरचा करंडा आक्कापुढं ठेवला.

सूनबाईची नजर खाली गेली. तिनं नकळत पदर सारखा केला. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. एवढी वर्षं नानांनी आणि एवढे महिने मी फक्त करंड्याचा विचार केला होता. तो नेऊन द्यायचा, एवढंच. नवरा गेलेल्या बाईनं त्यात ठेवायचं काय, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी वर्गात मुलींना सांगते की आपल्या कपाळाचं आपण ठरवावं. तिथं मात्र मी बशीतल्या चहावर फुंकर घालत बसले.

आक्कानं करंडा हातात घेतला. फिरवून बघितला, नारिंगीतून पांढऱ्यात जाणारी रेघ अंगठ्यानं चाचपली. झाकण काढलं, टेकवलं आणि हात बाजूला केला. झाकण उतरायला लागलं. ती वाकून बघत राहिली. श्वास सुटला.

"अगं बया, दमानं बसतंय की!" ती माझ्याकडं वळली. "बाई, दमानं म्हनून म्हनून माझं तोंड दुखायचं, दोरी वढताना. ह्यो लई घाईचा. दमानं कात म्हटलं की पटाशी फेकायचा." मग भावाकडं. "लहान झालाय रं."

"तडा व्हता," नाना खाली बघत म्हणाले. "झाड तेवढंच देत व्हतं."

"आसू दे. म्याबी आता लहानच झालीय." ती थांबली. "आन् माझा कुठाय?"

नानांनी खिशातून नमुना काढला. आक्कानं तो उघडला. आत बोट फिरवलं, बोटाला काही लागलं नाही.

"आक्का, त्या दिशी म्या..." नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तू बगत व्हतीस."

"बगणार न्हाय तर काय! सकाळपासनं पोटात काय न्हवतं तुझ्या. चुलीवर पिठलं झाकून ठिवलं व्हतं म्या तुझ्यापायी. वाटलं आता बसंल, मग बसंल. तर तू करंडा उचलून उपाशी चालता झालास. हाक मारावी तर घर मानसांनी भरलेलं." तिनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढला. "एवढी वरसं झाली, मला त्येच दिसतंय. उपाशी गेलं पोरगं."

नानांनी बशी जवळ ओढली आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

आक्का उठली. देव्हाऱ्यापुढून प्लास्टिकची पिशवी आणली. खंडोबाचा भंडारा. "देव सध्या नळदुर्गाला हाय," ती म्हणाली, जसा काही घरातला माणूस परगावी गेलाय; अणदूरचा खंडोबा दर वर्षी दोनेक महिने नळदुर्गाच्या देवळात मुक्कामाला असतो. "यील तवर ह्यात ऱ्हाईल." तिनं मुठीनं करंडा भरला. पिवळा भंडारा नारिंगी लाकडात पडला आणि जिथं संपतो तिथंच लाकूड सुरू होतं असं वाटायला लागलं. चिमूट घेऊन तिनं भावाच्या कपाळाला लावली, मग माझ्या, मग स्वतःच्या. सूनबाईनं न सांगता कपाळ पुढं केलं.

"तोंडात घालायचं काय ठिवू नको त्यात," नानांनी ताकीद दिली. "इषारी हाय लाकूड."

"बरं झालं. नातवंडं हात लावायची न्हाईत." जुना करंडा तिनं नानांच्या हातात परत दिला. "ह्यो तुझ्यापशी ऱ्हाऊ दे. माप लागंल. सूनबाईला कोन करनार?"

पिठलं-भाकरी खाल्ल्याशिवाय तिनं सोडलं नाही. नाना तीन भाकरी जेवले. चौथी आक्कानं न विचारता वाढली, तीही गेली.

निघालो. दार लागलं. कोपऱ्यावरच्या लिंबापाशी पोचलो तेव्हा नाना थांबले. "बाई, पिशवी ऱ्हायली."

पिशवी त्यांच्या खांद्याला होती. मी लिंबाच्या सावलीत थांबले. नाना माघारी गेले, दारासमोर उभे राहिले, बोटाचं पेर वाकवलं आणि चौकटीवर वाजवलं. एकदा वर, एकदा मधे, एकदा खाली.

"कोण हाय?" आतून आवाज आला.

चौकट सागवानी होती. एवढ्या वर्षांच्या शेजारानं ते मलाही लांबून कळत होतं.

"म्या हाय, आक्का," नाना म्हणाले.